समोरच्या बँकेत जायला रिक्षा करावी लागते, आयुक्तसाहेब

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

स. न. वि. वि.

वर शहराचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. हे पत्र ज्या गावात वाचलं जाईल तिथल्या लोकांना ते आपल्याच आयुक्तांना लिहिलंय असं वाटेल, याची मला खात्री आहे. आपल्याला मात्र ते कुणाचं आणि कशाबद्दल आहे हे लगेच कळेल. मंडईसमोरच्या चौकातलं झेब्रा क्रॉसिंग पुसून टाकायचं, दुभाजकातली मोकळी जागा जाळीनं बंद करायची आणि पायी चालणाऱ्यांनी यापुढे लोखंडी पुलावरून जायचं, असा निर्णय आपल्या पथ विभागानं घेतला आणि अमलातही आणला. तो मला मान्य नाही. अर्ज करून झाले, पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीतली बरीच वर्षं अपघात विभागात गेली. रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलेलं माणूस स्ट्रेचरवरून कसं येतं ते मी पाहिलेलं आहे. सत्तरीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन होतं, ती घरी जाते, पण आधीसारखी हिंडूफिरू लागेलच असं नसतं. अंथरूण धरते, मग छातीत कफ, पाठीला जखमा, आणि कितीतरी घरांतून वर्षाच्या आत वाईट बातमी येते. त्यामुळे पूल लोकांच्या जिवासाठीच बांधला असं आपण म्हणालात, तर मी ते खरं धरून चालते. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझी थोरली बहीण माझ्याकडे असते. वॉकर घेऊन चालते. तिची पेन्शनची बँक आमच्या सोसायटीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. आमच्या गॅलरीतून बँकेचा वॉचमन तंबाखू मळताना दिसतो. गेल्या नोव्हेंबरात तिला हयातीचा दाखला द्यायला न्यायचं होतं. पुलाला चव्वेचाळीस पायऱ्या चढायला आणि तेवढ्याच उतरायला. लिफ्ट आहे, तिच्या दाराला साखळी आणि कुलूप आहे. शेवटी रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "आज्जी, बँक तर ही समोर आहे!" मी म्हटलं, "दिसतेय रे बाबा, पण तूच ने पलीकडे." पुढच्या यू-टर्नपर्यंत जायचं, वळायचं, मंडईच्या गर्दीतून परत यायचं. आपण जिवंत आहोत एवढं सांगायला समोरच्या इमारतीत जायचं, तर त्याला मीटर पाडावा लागला. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, हे मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी तसंच करू. म्हणजे ताईला घराबाहेर पडायचं आणखी एक कारण कमी होईल.

आता तुलनेकडे येते. "तिकडे असं असतं" हे ऐकून आपल्याला वीट आला असेल. मलाही येतो, विशेषतः दिवाळीत आलेल्या भाच्यांकडून. तरी थोडं ऐकून घ्या, कारण मी त्या देशाची जाहिरात करायला बसलेले नाही.

माझी मुलगी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला नोकरी करते. तिच्या बाळंतपणाला मी गेले होते, पुढेही राहून आले. "मग, कुठलं जगणं चांगलं?" हे परत आल्यावर सगळेच विचारतात. खरं सांगायचं तर घराच्या आत मला इथलंच जगणं सुखाचं वाटतं. तिकडे डिसेंबरात साडेचार वाजता दिवेलागण, सकाळी साडेआठपर्यंत उजेडाचा पत्ता नाही. शेजारीण गोड, पण चहाला बोलवायचं तर डायरी काढून पुढच्या आठवड्यातली तारीख बघणार. ताप आला तर आधी त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे फोन, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच: पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, दोन दिवसांनी कळवा. स्पेशालिस्टकडे थेट जायची सोय नाही. विमा सक्तीचा, हप्ता जड, आणि हप्ता भरूनही वर्षातले पहिले ३८५ युरो बहुतेक उपचारांना आपल्या खिशातून. भाड्याचं घर मिळवताना मुलगी आणि जावई किती वणवण फिरले ते मी फोनवर ऐकलंय. इथे माझ्या घराची एक किल्ली शेजारणीकडे असते, रक्त तपासायला लॅबचा मुलगा सकाळी घरी येतो, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान रात्री अकरापर्यंत उघडं, आणि भाजीवाली मला न विचारता कोथिंबीर पिशवीत टाकते. मी परत आले ती आनंदानं आले.

एका बाबतीत मात्र त्यांना हात जोडते. बाळंतपणानंतर तिथे आठ-दहा दिवस एक प्रशिक्षित बाई घरी येते, बहुतांशी विम्याच्या पैशात. बाळाचं वजन, आईचे टाके, अंगावर पाजायचं कसं, न्हाऊ कसं घालायचं, सगळं बघते. वर कपडे मशीनला लावते आणि मोठ्या भावंडाला खेळवतेही. मी मेथी-डिंकाचे लाडू घेऊन ठाण मांडून बसलेली आई, आधी मला तिचा रागच आला. तिसऱ्या दिवशी ती आणि मी स्वयंपाकघरात उभ्या राहून व्यवसायातल्या गप्पा मारत होतो. असो, हा वेगळा विषय आहे आणि आपल्या खात्यातला नाही.

आपल्या खात्यातला विषय गेटच्या बाहेर सुरू होतो. इथे सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकलं की मी गृहिणी, पेन्शनर, आजी, मतदार कुणीही उरत नाही. गाड्यांच्या मधे आलेली अडचण होते. तिथे बाबागाडी ढकलत मी एकटी गावभर हिंडले. भाषा येत नसताना. सगळा फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

मुलीच्या गल्लीच्या तोंडाशी मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्याकडे गल्ली आली की फुटपाथ संपतो. माणूस खाली उतरतो, गल्ली ओलांडतो, पुन्हा चढतो. तिथे फुटपाथ तसाच सरळ पुढे जातो, त्याच तीस सेंटिमीटरच्या चौकोनी फरशा, त्याच पातळीवर. खाली-वर होते ती गाडी. गल्लीत शिरायचं तर गाडीनं उतरत्या दगडावरून फुटपाथवर चढायचं, माणसं जाऊ द्यायची, मग पलीकडे उतरायचं. पहिल्या दिवशी एक गाडी माझ्यासाठी थांबली. मी सवयीनं थांबून तिला "जा जा" असा हात केला. चालकानं मला हात केला. मी पुन्हा केला. शेवटी तो हसत तसाच बसून राहिला आणि मला बाबागाडी घेऊन जावंच लागलं. त्याच्या सज्जनपणाला मी नावं ठेवत नाही, पण त्याला तिथे वेग घेताच येणार नाही अशी ती जागा बांधलेली होती. शिवाय कायदाही त्याच्या मानेवर बसलेला असतो. चालणाऱ्याला किंवा सायकलवाल्याला गाडी लागली, तर सहसा भरपाईचा भार गाडीकडे येतो. आणि मूल चौदाच्या आतलं असेल तर जवळजवळ सगळाच.

"तो श्रीमंत देश, शिस्तीचे लोक, लोकसंख्या चिमूटभर" हे मला कनिष्ठ अभियंत्यांनी काउंटरवर ऐकवलं. त्यांना मी तिथे उत्तर दिलं नाही, मागे रांग होती. आपल्याला देते.

दाटीवाटीचं म्हणाल, तर नेदरलँड्समध्ये चौरस किलोमीटरला पाचशेवर माणसं राहतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. शिस्तीचं म्हणाल, तर डच सायकलवाले सिग्नल पाळतात हा गोड गैरसमज आहे. आणि ते पहिल्यापासून असे होते म्हणाल, तर तसंही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हातात पैसा आला तेव्हा त्यांनीही गाड्यांसाठी रस्ते रुंद केले, घरं पाडली, कालवे बुजवले. १९७१ साली सव्वा-दीड कोटीच्या त्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची स्वतःची मुलगी अशीच गेली होती. त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता "बालहत्या थांबवा". त्याच नावानं आयाबापांची चळवळ उभी राहिली. मार्टये फान पुटेन ही तरुण आई तिची पहिली अध्यक्ष. पुढे त्या युरोपीय संसदेवर निवडून गेल्या. लोकांनी रस्ते अडवले, मुलांना रस्त्यावर खेळायला बसवलं. १९७३च्या तेलटंचाईत सरकारनं रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि मोकळा रस्ता कसा दिसतो ते सगळ्यांनी पाहिलं. डेल्फ्टमध्ये तर त्याआधीच रहिवाशांच्या गल्ल्यांत फरशा, झाडं, वळणं टाकून गाडीला माणसाच्या चालीनं चालायला लावणं सुरू झालं होतं, त्याला १९७६ साली कायद्याचं रूप मिळालं. आता तिथली लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या वर आहे, गाड्या तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि २०२३ साली रस्त्यावर गेलेले जीव ६८४.

एक गोष्ट मला सगळ्यांत आवडली. युट्रेख्त शहरात जुना कालवा कोरडा करून सत्तरच्या दशकात त्यातून मोटाररस्ता काढला होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो रस्ता काढून टाकून तिथे पुन्हा पाणी सोडलं. महापालिकेला केलेलं काम मागे घेता येतं, आणि त्यानं कुणाचं नाक कापलं जात नाही, याचा तो दाखला.

आपल्याकडचे आकडे केंद्र सरकारच्याच अहवालातले आहेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत पायी चालणारी ३२,८२५. रोजची नव्वद. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी सगळे मिळून पंधरा हजारांच्या वर. अशा काहींना नोकरीत मी हातांनी पुसलेलं आहे, तेव्हा आकड्यांवर जास्त बोलत नाही.

आता तक्रारी.

पहिली, निर्णय झाला कसा? जाळी रात्रीतून लागली. सकाळी दूध आणायला निघालेल्या लोकांना रस्ता बंद असल्याचं जाळी बघून कळलं. क्षेत्रीय कार्यालयात फलक नाही, हरकती-सूचना नाहीत, मंडईतल्या एकाही बाईला विचारलेलं नाही. दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा रस्ता ओलांडतात त्या ह्याच बाया, डोक्यावर पाटी घेऊन. पाटी घेऊन चव्वेचाळीस पायऱ्या चढून बघायला मी कुणाला सांगणार नाही. आपल्याला नुसती कल्पना करता येईल.

दुसरी, पुलाच्या जिन्यानं फुटपाथ खाल्ला. पादचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधलेल्या वस्तूचा पाया पादचाऱ्यांच्याच जागेत! मी शिवणाची टेप नेऊन मोजलं. जिन्याची कड आणि दुकानाचा ओटा यांच्यामध्ये उरलेत ६२ सेंटिमीटर. ताईचा वॉकरच जेमतेम जातो, आणि समोरून कुणी आलं तर एकानं रस्त्यावर उतरायचं. इंडियन रोड्स काँग्रेसची १०३ क्रमांकाची संहिता आपल्या अभियंत्यांच्या टेबलावर असेल. तिच्यात चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर सांगितली आहे आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असंही. आमचा फुटपाथ काही ठिकाणी माझ्या गुडघ्याला येतो. जिन्याच्या पुढे विजेचा डीपी, त्यापुढे दुचाक्या, त्यापुढे केबल टाकून झाल्यावर तसाच ठेवलेला पेव्हर ब्लॉकचा ढीग. हे सगळ्या शहरात आहे, म्हणून यावर थांबत नाही.

लिफ्टबद्दल एकदा "वीजजोडणी व्हायची आहे" असं सांगितलं, नंतर "देखभालीचा ठेका व्हायचा आहे" असं. उद्घाटनाच्या दिवशी ती चालू होती, फोटो आहेत.

आणि सगळ्यांत गंभीर तक्रार ही. लोक पुलावर जात नाहीत. जाळी जिथे संपते तिथून थोडं पुढे, वळणावर, दोन गज वाकवून लोकांनी वाट केली आहे. महापालिकेच्याच शाळेतली मुलं दप्तर आधी पलीकडे टाकतात आणि मग आडवी होऊन त्यातून निघतात. वळणावरून येणाऱ्या गाडीला ती दिसत नाहीत. पूर्वी झेब्र्यावर निदान सगळे एका जागी, घोळक्यानं, सिग्नलच्या आशेनं उभे राहायचे. आता एकेकटे, अंधाऱ्या जागी. अपघात विभागात काम केलेल्या बाईला यापुढचं दिसतं. लोकांना शिस्त नाही म्हणून त्या गजांना वेल्डिंग मारलंत, तर ते आणखी पुढे वाकवले जातील. चालणारं माणूस सरळ रेघेत जातं. आपणही गाडीतून उतरलात की जाल.

हे काही मी परदेशातून शिकून आलेलं शहाणपण नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला अग्रक्रम द्या असंच सांगितलं आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदाही २०१६पासून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं: रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथाचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमाखाली, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. तिथे गेलेल्या माझ्या मैत्रिणी आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्याच्या मधोमध चालल्याचं कौतुकानं सांगत होत्या. तेव्हा आपल्या लोकांना हे नको आहे, असं कुणी म्हणू नये. कागद आहे, कायदा आहे, इच्छाही आहे. अडतंय ते चौकात.

पैशाचं कारण तर देऊच नका. पुलाला लोखंड, पाया, लिफ्ट, ठेका लागला. मी मागते आहे ते रंग, सिग्नलचा एक खांब आणि डांबराचा उंचवटा.

मागण्या अशा:

मंडईसमोरचं क्रॉसिंग जमिनीवर, पूर्वीच्याच जागी परत सुरू करा. नुसते पांढरे पट्टे नकोत. रस्ता तिथे फुटपाथच्या पातळीला उचला, म्हणजे गाडी आपोआप हळू होईल. दुभाजकात वॉकर आणि बाबागाडी थांबेल एवढी जागा ठेवा.

सिग्नलला पादचाऱ्यांचा स्वतंत्र हिरवा दिवा द्या आणि त्याची सेकंदं धडधाकट माणसाच्या चालीवर न ठरवता म्हाताऱ्या माणसाच्या चालीवर ठरवा. गाड्यांना तेवढं थांबावं लागेल. थांबू द्या.

पूल पाडा असं मी म्हणत नाही, बांधलाच आहे तर राहू दे. पण जिन्याभोवती १.८ मीटर जागा मोकळी करा, आणि ती होत नसेल तर जिना हलवा. लिफ्ट सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत चालू ठेवा.

कोणत्या अपघातांच्या आकडेवारीवरून क्रॉसिंग बंद केलं, सल्लागार कोण, खर्च किती, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. मला माहितीच्या अधिकारात अर्ज करायला लावू नका. करायचा झाला तर करीन.

यापुढे शहरातलं एकही क्रॉसिंग बंद करण्याआधी तिथे आठवडाभर आधी फलक लावा आणि क्षेत्रीय कार्यालयात सुनावणी घ्या. जागेची पाहणी अभियंत्यांनी पायी करावी, गाडीतून नाही.

शेवटची विनंती वाहतूक शाखेला आपल्यामार्फत आहे. झेब्र्यावर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा आपल्याकडेही वाहनचालकांसाठीचा नियम आहे, २०१७च्या नियमावलीत लिहिलेला. हेल्मेटसाठी उभे राहतात तसे महिनाभर दोन पोलीस त्यासाठी उभे करावेत.

नागरिकांच्या तक्रारी ऐकायच्या लोकशाही दिनासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, तो दिला आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी, ताई आणि मंडईतल्या सहा-सात जणी येत आहोत. महापालिका भवन सुदैवानं आमच्याच बाजूला आहे, त्यामुळे वेळेवर पोहोचू.

कळावे,

आपली,
मंडईसमोर राहणारी एक निवृत्त परिचारिका